अमेरिकी घरातली युद्धकाळातली पत्रं आणि डायऱ्या कशा जपाव्यात

अमेरिकेत जुनं घर रिकामं करायला घेतलं की बुटांच्या खोक्यात, सिगारच्या डब्यात किंवा सीडरच्या पेटीत पत्रांचा गठ्ठा हाती लागतो. आजोबांनी युरोपातून लिहिलेली पत्रं, आत्याने जपलेली भावाची डायरी, असं काही. तिथल्या मराठी कुटुंबांत आता सून किंवा जावई अमेरिकी असणं नवीन राहिलेलं नाही, त्यामुळे असे गठ्ठे मराठी हातांतही येतात. उत्साहाने लगेच सोडू नका. पत्रं कोणत्या युद्धातली आहेत हे आधी ठरवा, कारण कागद, शाई आणि टपालाची पद्धत प्रत्येक युद्धात बदलली. १९६८ च्या पत्राला जे सहज चालतं, त्याने १९१८ चं पत्र जांभळं होऊन बसतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या पत्रांची किंमत वाढायला एक आग कारण आहे. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरमध्ये आग लागली आणि १९१२ ते १९६० या काळात लष्करातून बाहेर पडलेल्या सैनिकांच्या सेवा-नोंदींपैकी सुमारे ८० टक्के नष्ट झाल्या. अनेक घरांत सैनिकाच्या तुकडीचा आणि सेवा-क्रमांकाचा पुरावा आता पाकिटावरच्या परतीच्या पत्त्यातच उरला आहे. म्हणून पाकीट फेकू नका, पत्रापासून वेगळं करू नका, आणि तिकिटांसाठी वाफेवर तर मुळीच धरू नका. पुष्कळ पाकिटांवर तिकीट नसेलही. त्या जागी हाताने ‘फ्री’ लिहिलेलं असतं, कारण १९१७ मध्ये आणि पुन्हा १९४२ पासून सैनिकांना टपाल मोफत होतं.

उघडण्याआधी

गठ्ठा जसा आहे तसा, दोरी-रिबिनीसकट, वरून आणि बाजूंनी फोटोत घ्या. कुणीतरी तो एका क्रमाने बांधलेला असतो, आणि तारीख नसलेल्या पत्राची जागा बहुतेकदा शेजारच्या पत्रावरूनच कळते. मग वरून खाली क्रमांक द्या. क्रमांक पत्रावर न घालता फोल्डरवर घाला. पत्रावरच लिहायची वेळ आली तर २बी पेन्सिलीने, मागच्या बाजूला, कोपऱ्यात, न दाबता. बॉलपेन त्या टेबलावर असूच नये.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, क्रीम लावू नका. पांढरे सुती हातमोजे टीव्हीवर छान दिसतात, पण त्यांतून कागदाची कड जाणवत नाही आणि ठिसूळ कोपरे मोडतात. फोटो आणि व्ही-मेल (दुसऱ्या महायुद्धातली, फिल्मवरून छापलेली छोटी पत्रं) हाताळताना मात्र नायट्राइलचे मोजे घाला.

बुरशीचा वास किंवा केसाळ डाग दिसले तर तो गठ्ठा बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा. आधी कोरड्या, वाहत्या हवेत पूर्ण वाळू द्या. मग घराबाहेर, एन-९५ मास्क लावून, मऊ सपाट ब्रशने झटका. ओली बुरशी पुसायला गेलात तर ती कागदात आणखी खोल जाते. पाइप फुटून पत्रं भिजली असतील आणि ४८ तासांत वाळवणं शक्य नसेल, तर मेणकागदात गुंडाळून सरळ फ्रीझरमध्ये ठेवा. पुढचा निर्णय मग सावकाश घेता येतो. कसर लागलेल्या पण कोरड्या कागदांनाही फ्रीझर चालतो: हवा काढलेली घट्ट प्लॅस्टिक पिशवी, दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी आतून-बाहेरून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत न उघडणं. लगेच उघडली तर बाष्प थेट कागदावर जमतं.

ट्रंकेत काडतूस, गोळा किंवा हातबॉम्बसारखं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना बोलवा. आठवण म्हणून आणलेल्या वस्तू जिवंत निघू शकतात.

कोणत्या युद्धातलं पत्र?

यादवी युद्धातली, म्हणजे १८६१ ते १८६५ मधली पत्रं दिसायला सगळ्यात जुनी, पण कागद अनेकदा सगळ्यात दणकट, कारण त्यात चिंध्यांचा लगदा पुष्कळ आहे. धोका शाईत असतो. हिराकस आणि मायफळाची ही शाई सुरुवातीला काळी दिसते, पुढे तपकिरी होते, आणि तिच्यातलं आम्ल व लोह कागद आतून खातं. ओळीच्या मागच्या बाजूला तपकिरी सावली दिसली किंवा अक्षराच्या जागी भोक पडलं असेल तर हेच घडतंय. या शाईला ओल अजिबात दाखवू नका. पाण्यासोबत लोह आजूबाजूच्या कागदात पसरतं आणि जळणं वाढतं.

पहिल्या महायुद्धात कागद स्वस्त लाकडी लगद्याचा, पिवळा आणि ठिसूळ. लिखाण बरेचदा पेन्सिलीने, आणि इथेच फसगत होते. कॉपिंग पेन्सिल कोरडी असताना साध्या पेन्सिलीसारखी करडी दिसते, पण तिच्यात ॲनिलिन रंग असतो आणि ओल लागली की ती गडद जांभळी होऊन पसरते. शंका असेल तर एखाद्या पूर्णविरामाला किंचित ओलसर कापसाच्या काडीचं टोक क्षणभर टेकवा. काडीवर जांभळी छटा आली तर त्या घरातली सगळी पत्रं ‘पाणी वर्ज्य’ समजा. कागदाच्या डोक्यावर वायएमसीए किंवा रेड क्रॉसचं नाव छापलेलं असेल तर लिहिणारा त्या संस्थेत होता असं समजू नका. या संस्था सैनिकांना लिहायचा कागद फुकट वाटत.

दुसऱ्या महायुद्धात तीन वेगळे प्रकार सापडतात. पातळ एअरमेल कागद, साधी पत्रं, आणि व्ही-मेल. व्ही-मेल १५ जून १९४२ ला सुरू झाली. सैनिक ठरावीक छापील कागदावर लिही, त्याचा १६ मिलिमीटर मायक्रोफिल्मवर फोटो घेतला जाई, फिल्म समुद्रापार जाई आणि तिकडे ११ × १३ सेंटिमीटरच्या आसपासची प्रत छापून घरी पोहोचे. म्हणजे हाती आलेलं ते चिमुकलं पत्र हा फोटो आहे, आणि त्याला फोटोसारखंच वागवायचं. दमट हवेत त्याचा जिलेटिनचा थर मऊ होतो आणि शेजारच्या प्रतीला चिकटतो. चिकटलेल्या प्रती ओढू नका, त्या कागद-फोटोंच्या संवर्धकाकडे न्या.

सेन्सॉरने ब्लेडने कापलेल्या खिडक्या असलेली पत्रं तिथूनच फाटतात. त्यांना पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. त्या भोकांमागे कागद चिकटवू नका, कारण कापलेली जागा हासुद्धा पुरावाच आहे.

व्हिएतनामच्या काळातलं लिखाण बॉलपेनचं. ही शाई ओलीपेक्षा उजेडाने जास्त फिकी पडते. त्या काळच्या पत्रांसोबत छोट्या रिळांच्या किंवा कॅसेटच्या ‘बोलत्या’ चिठ्ठ्याही असतात. हौसेने जुन्या मशिनवर लावून बघू नका. थर सुटलेली फीत पहिल्याच फेरीत खराब होते. ध्वनिफीत उतरवून देणाऱ्याकडे ती थेट पाठवा.

पिना, घड्या, चिकटपट्ट्या

गंजलेली पेपरक्लिप ओढली की गंजाची रेघ कागदासकट निघते. क्लिप आणि कागद यांच्यामध्ये पॉलिएस्टरची बारीक पट्टी दोन्ही बाजूंनी सरकवा, कागद टेबलावर दाबून धरा आणि क्लिपचा वरचा फाटा उचलून ती सोडवा. स्टेपलचे पाय मागून बोथट सुरीने सरळ करायचे, मग पुढून उचलायचं. स्टेपल-रिमूव्हर वापरू नका. विरघळून चिकटलेला रबरबँड सुटेल तेवढा सोडवा, उरलेला तसाच राहू द्या.

पत्र घडीत ठेवलं तर प्रत्येक वाचनाला घडीची रेघ कमजोर होते. म्हणून उलगडून सपाट ठेवणं बरं. पण हिवाळ्यात, हीटर चालू असताना, हा उद्योग नको. उत्तरेकडच्या राज्यांत तेव्हा घरातली आर्द्रता २५ टक्क्यांच्याही खाली जाते आणि घडी कट्‌कन मोडते. आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास असेल असा दिवस निवडा, घड्या हातानेच उघडा, दोन टिपकागदांमध्ये पत्र ठेवून वर पुठ्ठा आणि किलो-दीड किलोचं पुस्तक ठेवा. आठवडाभरात बहुतेक पत्रं सपाट होतात. इस्त्री, केटलची वाफ, ओला रुमाल यांपैकी काही नको. फाटलेल्या जागी साधी चिकटपट्टी लावलीत तर तिचा डिंक वर्षांनी पिवळा होऊन शाईसकट कागदात मुरतो. लॅमिनेशन तर परत न फिरवता येणारं नुकसान आहे. ‘जपायला’ म्हणून केलेल्या लॅमिनेशनने जितकी पत्रं घालवली असतील तितकी उंदरांनीही नसतील.

१९७० च्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बममध्ये पत्रं लावली असतील तर दातांचा फ्लॉस कागदामागून करवतीसारखा हळू सरकवून पाहा. विरोध जाणवला की थांबा आणि पानासकट स्कॅन करा.

खोका आणि जागा

सीडरची पेटी सुवासिक असते, पण तिच्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ कागदाला पिवळं करते. पोटमाळा तापतो, बेसमेंट दमट असतं. घराच्या मधल्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट निवडा: तापमान १८ ते २१ अंश सेल्सिअस, म्हणजे तिथल्या थर्मामीटरवर ६५ ते ७० फॅरनहाइट, आणि आर्द्रता ३५ ते ५०. हायग्रोमीटर स्वस्तात मिळतो. तो खोक्याशेजारी ठेवा. ६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकली की बुरशी येणारच. हेच कागद कुणी कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरी आणले तर पावसाळाभर डिह्युमिडिफायरशिवाय निभाव लागणार नाही.

फोल्डर आणि खोके ‘ॲसिड-फ्री’ आणि ‘लिग्निन-फ्री’ (लाकडातलं, कागद पिवळा करणारं लिग्निन नसलेले) हवेत. साध्या पत्रांसाठी ‘बफर्ड’, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट घातलेला कागद चांगला. व्ही-मेल आणि फोटोंसाठी बफर नसलेला आणि ‘फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट’ (फोटोला अपाय करत नाही ना, याची चाचणी) उत्तीर्ण असलेला घ्या. एका फोल्डरमध्ये दहा-पंधरा कागद पुरे. खोका अर्धा रिकामा राहिला तर फोल्डर वाकतात, म्हणून मोकळ्या जागेत पुठ्ठ्याचा आधार द्या. प्लॅस्टिक घ्यायचं तर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीन. पीव्हीसीला नवीन गाडीसारखा वास येतो, ते टाळा. पेन्सिलीचं लिखाण पॉलिएस्टरमध्ये घालू नका, स्थिर विजेने शिसं उचललं जातं. वर्तमानपत्रांची कात्रणं आम्ल सोडतात. ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मूळ जागी ‘इथे कात्रण होतं’ अशी चिठ्ठी घाला. वाळलेली फुलं आणि केसांची बटसुद्धा अशाच वेगळ्या.

डायऱ्या

दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर डायरी ठेवायला बंदी होती, कारण ती शत्रूच्या हाती लागली असती. तरीही लिहिल्या गेल्या त्या बहुतेक खिशात मावणाऱ्या आणि बारीक पेन्सिलीच्या. जर्मन छावण्यांतल्या अमेरिकी युद्धकैद्यांना वायएमसीएने ‘अ वॉरटाइम लॉग’ नावाच्या कोऱ्या वह्या दिल्या. त्यांत चित्रं, पत्ते, सिगारेटच्या पाकिटांचे तुकडे चिकटवलेले असतात, त्यामुळे पान जाड आणि बांधणी ताणलेली. कुठलीही डायरी सपाट उघडू नका. दोन्ही बाजूंना घडी केलेले टॉवेल ठेवून ९० ते १२० अंशांतच वाचा. जुन्या चामडी कव्हरमधून लाल भुकटी पडत असेल तर तेल-पॉलिश लावू नका, ॲसिड-फ्री कागदात गुंडाळून मापाच्या खोक्यात आडवी ठेवा.

स्कॅन आणि नक्कल

फ्लॅटबेड स्कॅनर घ्या. कागद ओढून घेणारा नको. पत्रं ४०० डीपीआय, व्ही-मेल ६०० डीपीआय, २४-बिट रंगीत, टिफ फाइल. काळं-पांढरं स्कॅन केलं की फिकी पेन्सिल पार्श्वभूमीत विरते. पाकीट दोन्ही बाजूंनी, कोऱ्या बाजूसुद्धा. फाइलला तारखेने नाव द्या: १९४४-०६-१२, मग पान क्रमांक. इथे मराठी माणूस हमखास चुकतो, कारण ६/७/४४ म्हणजे अमेरिकेत ७ जून. त्यात लष्करी सवयीने दिवस आधी लिहिणारेही असतात, म्हणून टपालाच्या शिक्क्याशी ताडून घ्या. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी.

नक्कल करताना स्पेलिंग सुधारू नका, शिवी गाळू नका, न लागलेला शब्द चौकटी कंसात ‘अस्पष्ट’ म्हणून दाखवा. ‘समव्हेअर इन फ्रान्स’ यापलीकडे ठिकाण लिहायला परवानगी नव्हती. एपीओ (लष्करी टपाल कार्यालय) क्रमांकावरून जागा शोधता येते, पण तेच क्रमांक तुकडीबरोबर हलत, म्हणून तारखेसकट बघा. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरच्या पत्रांत मराठी वाचकाचा उपयोग होतो. पुढे ‘मेरिल्स मरॉडर्स’ म्हणून गाजलेली अमेरिकी तुकडी ३१ ऑक्टोबर १९४३ ला मुंबईत उतरली आणि देवळालीच्या छावणीत गेली. कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं ‘देवळाली’ किंवा ‘धोबी’ अमेरिकी नातेवाइकांना कोड्यासारखं वाटतं.

इंटरनेटवर टाकण्याआधी दोन गोष्टी तपासा. १ जुलै १९६९ पासून अमेरिकी भूदल आणि हवाई दलाने सेवा-क्रमांकाच्या जागी सोशल सिक्युरिटी क्रमांक वापरायला सुरुवात केली. त्यानंतरच्या पाकिटांवर परतीच्या पत्त्यात तो असू शकतो, तो झाका. आणि कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा व त्याच्या वारसांचा. अप्रकाशित पत्रांसाठी तो मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो.

संस्थेला द्यायचं झालं तर

गठ्ठा फोडून भावंडांत वाटू नका. स्कॅन वाटा आणि मूळ पत्रं एकत्र ठेवा. कॅलिफोर्नियातल्या चॅपमन विद्यापीठाचं ‘सेंटर फॉर अमेरिकन वॉर लेटर्स’ पत्रांसोबत ई-मेलही घेतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट’ पहिल्या महायुद्धापासूनच्या सैनिकांचं साहित्य घेतो. त्यांना मूळ पत्रं किंवा फोटो किमान १० हवेत, डायरी किमान २० पानांची. यादवी युद्धाच्या पत्रांसाठी त्या राज्याचं अभिलेखागार गाठा. देणगीपत्रावर सही करण्याआधी हक्क कुणाकडे राहणार आणि नको असलेलं परत मिळणार का, हे लेखी घ्या.

लायब्ररी ऑफ काँग्रेसला पाठवताना सरकारी टपाल टाळून फेडेक्स किंवा यूपीएस वापरा. २००१ मध्ये टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले, तेव्हापासून तिथे जाणाऱ्या टपालावर जंतू मारायला किरणांचा मारा होतो, आणि त्यात कागद पिवळा-ठिसूळ होतो, प्लॅस्टिकच्या कॅसेट वितळू शकतात.