सूत्र बरोबर, उत्तर चूक: विद्युत, चुंबकत्व आणि तरंगांतल्या या चुका टाळा

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत गणितामुळे गेलेले गुण मला तरी कमीच दिसतात. सूत्र अचूक असतं, आकडेमोड नीट असते, पण प्रश्नात काय चाललंय याचं चित्र डोळ्यांपुढे नसतं.

सगळ्यांत चिवट चूक म्हणजे ‘विभव शून्य, म्हणून क्षेत्रही शून्य’. विभव (पोटेन्शियल) म्हणजे एकक प्रभारामागची स्थितिज ऊर्जा, क्षेत्र म्हणजे एकक प्रभारावरचं बल. ३ नॅनोकुलोमचे दोन धन प्रभार २० सेंटिमीटर अंतरावर ठेवा. बरोबर मध्यावर दोघांची क्षेत्रं एकमेकांना रद्द करतात, विभव मात्र सुमारे ५४० व्होल्ट असतं. आता एक प्रभार ऋण करा. विभव शून्य होतं आणि क्षेत्र मीटरला ५४०० व्होल्ट! विभवांची चिन्हांसह साधी बेरीज होते. क्षेत्रांची बेरीज करताना दिशा बघावीच लागते. क्षेत्र म्हणजे विभवाचा उतार, हे ध्यानात ठेवलं की गोंधळ मिटतो. पठारावर उंची असते, उतार नसतो. आणि उंची कुठून मोजायची हे तर आपणच ठरवतो.

गाउसचा नियमही असाच चकवतो. बंद पृष्ठभागातून आरपार जाणारं क्षेत्र म्हणजे फ्लक्स, आणि हा नियम त्याची आतल्या प्रभाराशी सांगड घालतो. एकूण फ्लक्स शून्य आला, तर आत निव्वळ प्रभार नाही एवढंच कळतं. बाहेरच्या प्रभारामुळे त्या पृष्ठभागावर क्षेत्र असू शकतं.

कपॅसिटरच्या प्रश्नात पहिली नजर बॅटरीकडे हवी. ती जोडलेली असेल तर व्होल्टेज कायम राहतं, काढली असेल तर प्रभार. पराविद्युतांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट) २ असलेला विद्युतरोधी पदार्थ प्लेटांमधली सगळी जागा भरेल असा सरकवला, तर पहिल्या बाबतीत साठलेली ऊर्जा दुप्पट होते आणि दुसऱ्या बाबतीत निम्मी. मुलं सूत्र शोधत बसतात, आणि ‘बॅटरी काढून टाकली’ हे तीन शब्द वाचायचेच राहतात.

लेन्झच्या नियमात ‘विरोध’ हा शब्द घात करतो. प्रेरित विद्युतधारा चुंबकाच्या क्षेत्राला विरोध करत नाही. फ्लक्समधल्या बदलाला करते. चुंबक वेटोळ्यापासून दूर नेला की फ्लक्स घटतो, म्हणून प्रेरित क्षेत्र मूळ क्षेत्राच्याच दिशेत असतं. इथे डोळे झाकून ‘उलट दिशा’ लिहिणारे खूप. आधी तीन गोष्टी कागदावर मांडा: क्षेत्र कुठल्या दिशेला, फ्लक्स वाढतोय की घटतोय, आणि मग धारा. उजव्या हाताचा नियम (बोटं धारेच्या दिशेने वळवली की अंगठा क्षेत्राची दिशा दाखवतो) त्यानंतर. (पेन उजव्या हातात धरून डाव्या हाताने नियम लावणारेही पाहिलेत.)

तरंगांत वेग, वारंवारता आणि तरंगलांबी यांचं एक सूत्र असतं, म्हणून वारंवारता दुप्पट केली की वेगही दुप्पट असं वाटतं. पण दोरीवरच्या तरंगाचा वेग दोरीतला ताण आणि एकक लांबीचं वस्तुमान ठरवतात, तुमचा हात नाही. दुसऱ्या माध्यमात शिरताना वारंवारता तीच राहते: हवेतला ६०० नॅनोमीटरचा प्रकाश १.५ अपवर्तनांकाच्या काचेत ४०० नॅनोमीटरचा होतो.

एककांबद्दल एवढंच, की १ चौरस सेंटिमीटर म्हणजे ०.०००१ चौरस मीटर, ०.०१ नव्हे.

आणि कॅल्क्युलेटर. तरंगाच्या समीकरणातली कला (फेज, म्हणजे साइनच्या आतला कोन) रेडियनमध्ये असते. २ रेडियनचा साइन ०.९१ येतो, २ अंशांचा ०.०३५. इतकं किरकोळ उत्तर आलं, तर सूत्र खोडण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातला मोड (अंश की रेडियन) बघा.