कोल्हापुरात स्वस्तात माळवं कसं घ्यायचं

माळवं, म्हणजे भाजीपाला, स्वस्तात घ्यायचं म्हणजे घासाघीस करायची असं बऱ्याच जणांना वाटतं, पण त्यात दोन-पाच रुपयेच सुटतात, खरा पैसा वाचतो तो तुम्ही कधी गेला आणि काय उचललं यावर.

आधी सकाळी पेपरातला बाजारभाव बघा. तिथं फळभाजीचा दर दहा किलोला आणि पालेभाजीचा शेकड्याला असतो. समजा वांगी ३०० लिहिलंय तर किलो ३० ला पडलं, मेथी शेकडा ८०० असंल तर पेंडी, म्हणजे जुडी, ८ ला. हा मार्केट यार्डातल्या सौद्याचा, म्हणजे घाऊक लिलावाचा दर, त्यावर टेम्पो आला, हमाली आली, खराब निघालेला माल आला आणि दिवसभर उन्हात बसायचं ते वेगळंच, त्यामुळं ती पेंडी बाजारात १५ ला मिळाली तर गप घ्या, कुणी २५ म्हटलं तर पुढं चला.

मग जायचं कुठं? रविवारी लक्ष्मीपुरीचा आठवडी बाजार, लय गर्दी पण मालही भरपूर. एरवी कपिलतीर्थ नायतर ऋणमुक्तेश्वर मंडई. कपिलतीर्थला सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन जाऊ नका, अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्यांच्या गाड्यांतच अडकून पडाल. मार्केट यार्डातनं घ्यायचं तर चार घरांनी मिळून, एकट्या घराला करंडीभर दोडके काय करायचेत?

बाजारात शिरल्या शिरल्या काही घेऊ नका. पिशवी रिकामीच ठेवून एक चक्कर टाका आणि आज कशाचे ढीग जास्त दिसतात ते बघा, जे चारी बाजूला पडलंय तेच आज स्वस्त आणि बहुतेक ताजंही. घरनं ‘भेंडीच आणा’ अशी चिठ्ठी घेऊन आलेला माणूस भेंडीचा जो दर असंल तो देतोच, म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘दोन पालेभाज्या, तीन फळभाज्या’ एवढंच लिहून घ्या, बाकीचं बाजार ठरवू दे.

कडेला पोतं अंथरून दोन बुट्ट्या घेऊन बसलेल्या खेड्यातल्या बायका असतात ना, पहिल्यांदा तिकडं जा. घरच्या रानातलं असतं, पोकळा, चाकवत, तांदळी हे तिथंच चांगलं मिळतं. ‘मावशी, कमी करा’ म्हणण्यापेक्षा ‘मावशी, तीन पेंड्या घेतो, कसं लावताय?’ असं विचारा, संध्याकाळची एसटी गाठायची असती त्यांना, एकदम तीन खपल्या तर त्याच आपणहून दर उतरवतात. त्याउपर दोन रुपयांसाठी हुज्जत घालू नये असं माझं मत.

संध्याकाळी दिवे लागले की वाटे लागतात. टोमॅटो, मिरची, वांगी वाट्यावर एकदम स्वस्त, फक्त वाटा हातानं पसरून खालचा माल बघा, वर चांगला आणि खाली मऊ हे ठरलेलंच. पालेभाजी मात्र सकाळीच घ्यायची, संध्याकाळपर्यंत तिच्यावर इतक्यांदा पाणी मारलेलं असतं की दुसऱ्या दिवशी काळी पडलीच म्हणून समजा.

वजन करताना काट्यावर आधी शून्य दिसतंय का बघा. सुटे पैसे ठेवा, स्कॅनर आता बऱ्याच जणांकडं आहे पण कडेच्या मावशींकडं असेलच असं नाही. आणि कापडी पिशव्या दोन तरी न्या, २०१८ पासून राज्यात प्लास्टिक पिशव्यांना बंदी आहे.

पावसाळ्यात पालेभाजी महाग आणि चिखलानं भरलेली, तेव्हा दोडका, कारली, भोपळा आणि मोडाची कडधान्यं यावर भागवा, मेथी आणि मटार थंडीत पोटभर खा. चटणीची लाल मिरची उन्हाळ्यातच घ्या, हातात घेऊन खुळखुळ वाजली तरच, ओलसर मिरची वजनाला जास्त भरती आणि पुढं बुरशी धरती.

घरी आल्यावर पेंडीचा बंध सोडून भाजी पेपरवर पसरा, पाणी सुकलं की मगच फ्रीजमध्ये.