घरी स्टेक करताना या चुका टाळा

स्टेक, म्हणजे तव्यावर भाजलेला मांसाचा जाड तुकडा, बिघडला की दोष मांसाला दिला जातो. पण उत्तम तुकडाही घरी राखाडी आणि बेचव होतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: वरचा ओलावा. तुकडा ओला असेल तर तव्याची सगळी उष्णता आधी ते पाणी उडवण्यात जाते. पाणी आहे तोवर पृष्ठभाग १०० अंश सेल्सिअसच्या वर सरकत नाही, आणि खमंग तपकिरी थर धरायला साधारण १४० अंशांपुढे जावं लागतं. हा रंग आणि ही चव ज्या अभिक्रियेतून येते तिला मायार अभिक्रिया म्हणतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. म्हणून तवा तापवण्याआधी टिश्यू पेपरने तुकडा सगळ्या बाजूंनी, कडांसकट, दाबून कोरडा करा.

मिठाची वेळही याच कारणासाठी महत्त्वाची. मीठ लावून दहा-पंधरा मिनिटांनी स्टेक तव्यावर टाकणं सर्वात वाईट, कारण तेव्हा मिठाने ओढलेलं पाणी नेमकं वर जमलेलं असतं. किमान ४० मिनिटं थांबलात तर ते खारं पाणी पुन्हा आत मुरायला लागतं. तेवढा वेळ नसेल तर अगदी तव्यावर टाकताना मीठ लावा. माझी पसंती मात्र आदल्या रात्रीला आहे: मीठ लावलेला तुकडा जाळीवर ठेवून फ्रिजमध्ये न झाकता ठेवायचा. मीठ आतपर्यंत जातं आणि वरची बाजू छान सुकते. शिजवण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. जाड तुकड्याच्या गाभ्याला तेवढ्या वेळाने फारसा फरक पडत नाही.

पातळ स्टेक घेणं ही खरेदीतच होणारी चूक. सेंटिमीटरभर जाडीच्या तुकड्याला बाहेरून रंग येईपर्यंत तो आतून पार शिजून गेलेला असतो. साडेतीन-चार सेंटिमीटर जाडीचा घ्या. दोघांत एक जाड तुकडा वाटून खाल्लेला केव्हाही बरा.

तवा बिडाचा किंवा जाड बुडाचा हवा, आणि तेल रिफाइंड. सुरुवातीलाच लोणी टाकलंत तर त्यातला दुधाचा अंश करपून कडू होतो. लोणी, ठेचलेला लसूण आणि थाइम (एक सुगंधी पाला) शेवटच्या एक-दोन मिनिटांत टाका आणि वितळलेलं लोणी चमच्याने स्टेकवर सोडत राहा. स्टेक एकदाच उलटायचा, हा नियम पाळायची गरज नाही. दर मिनिटाला उलटला तर तो उलट जास्त सारखा शिजतो.

तीव्र आचेवर भाजल्याने रस आत कोंडला जातो, ही समजूत एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञामुळे पसरली. ती खरी नाही. भाजायचं ते चवीसाठी. रस किती टिकतो हे आतल्या तापमानावर ठरतं, म्हणून बोटाने दाबून अंदाज घेण्यापेक्षा थर्मामीटर वापरा, आणि तो बाजूने थेट मध्यापर्यंत खुपसा. मीडियम रेअरसाठी (आतून लालसर गुलाबी) साधारण ५४ ते ५७ अंश, मीडियमसाठी (आतून फिकट गुलाबी) ६० ते ६३. आच बंद केल्यावरही तापमान आणखी तीनेक अंश चढतं, म्हणून तेवढे अंश कमी असतानाच उतरवा. अमेरिकेच्या कृषी खात्याची सुरक्षिततेची शिफारस ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटं विसावा अशी आहे. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि लहान मुलं जेवणार असतील तर तीच पाळा.

बाहेरून काळा, आतून कच्चा झाला? तव्यावर आणखी ठेवू नका. १२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवून गाभा हव्या तापमानाला आणा. जाड तुकड्यासाठी मुळातच उलट क्रम लावता येतो: आधी मंद ओव्हन, मग दोन्ही बाजूंना मिनिटभर कडकडीत तवा.

सोबतचे पदार्थही बरेचदा पाण्यामुळेच फसतात. बटाटा फॉइलमध्ये गुंडाळून भाजला तर तो वाफवला जातो आणि साल मऊ पडते. टोचे मारून उघडाच २०० अंशांवर तासभर ठेवा. मॅश करायचा असेल तर उकडून पाणी काढल्यावर रिकाम्या भांड्यात मिनिटभर परता आणि हाताने कुस्करा. मिक्सरमध्ये स्टार्च मोकळा होऊन चिकट लगदा होतो. मशरूमची तव्यावर गर्दी करू नका. क्रीममधला पालक करताना उकडलेली पानं घट्ट पिळून घ्या, नाहीतर क्रीम फुटल्यासारखं दिसतं.

सगळं एकाच वेळी गॅसवर चढवणं ही शेवटची मोठी चूक. बटाटा तासाभराचा, पालक थांबू शकतो, स्टेक मात्र सर्वात शेवटी. तो पाच-दहा मिनिटं जाळीवर विसावतो तेवढ्यात तव्यातलं जादा तेल ओता, चिकटलेल्या तपकिरी अंशावर थोडा स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून केलेलं पाणी) घालून खरवडा, आटवा आणि आच बंद करून थंड लोण्याचा तुकडा फिरवा, की सॉस तयार.

कापताना धागे कोणत्या दिशेने जातात ते पाहा आणि त्यांना आडवं कापा. फ्लँकसारख्या (पोटाकडच्या भागाच्या) लांब धाग्यांच्या तुकड्यात हे चुकलं तर घास चावता चावत नाही. जास्त शिजलेला स्टेकही असाच आडवा, अगदी पातळ कापून गरम सॉस घालून वाढा.