मोबाईलची बॅटरी बदलताय? आधी या चुका टाळा

गणपतीत मावशीचा फोन आला, तोही काकांच्या मोबाईलवरून. "अरे, चांगलं चाळीस टक्के चार्जिंग दिसत होतं. आरतीचा फोटो काढायला कॅमेरा उघडला आणि फोन गपकन बंद! चार्जरला लावला तर परत अडतीस टक्के दाखवतोय. नवीनच घेऊ का आता?" फोन पाच वर्षांचा. स्क्रीनवर ओरखडा नाही, जागा भरपूर शिल्लक, कॅमेरा तिच्या गरजेला पुरून उरेल असा. म्हटलं, थांब, काही घेऊ नकोस. फोन ठणठणीत आहे, बॅटरी गेलीय.

घरातल्या आणि शेजारपाजारच्या मोबाईलच्या बॅटऱ्या मी बरीच वर्षं बदलतोय. धंदा म्हणून नाही, हौस म्हणून. या हौसेपायी दोन फोन कायमचे निजवलेत, त्यातला एक माझा स्वतःचा. खालच्या चुकांपैकी निम्म्या मी केलेल्या आहेत, उरलेल्या दुकानाच्या काउंटरवर उभं राहून पाहिलेल्या. आणि बहुतेक चुका स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याच्या आधीच होऊन गेलेल्या असतात.

दुखणं भलतंच, औषध बॅटरीला

"चार्जिंग टिकत नाही" या एका तक्रारीमागे पाचसहा कारणं असू शकतात. मावशीच्या फोनसारखं टक्के शिल्लक असताना अचानक बंद पडणं, ही मात्र झिजलेल्या बॅटरीची अगदी खास खूण. टाकीत पाणी आहे, पण पाईप गंजून आतून बारीक झालाय, असं समजा. एक नळ बारीक सोडला तर चालतं. शॉवर, वॉशिंग मशीन आणि स्वयंपाकघरातला नळ एकदम सुरू केला की धार तुटते. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. कॅमेरा, फ्लॅश आणि पूर्ण उजेडातली स्क्रीन यांनी एकदम करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. भार गेला की व्होल्टेज परत वर येतं, म्हणून ते अडतीस टक्के.

फोन मध्येच बंद पडत नाही, फक्त भराभर उतरतो, असं असेल तर आधी सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर जाऊन कोण किती खातंय ते बघा. एखादंच अ‍ॅप निम्मी बॅटरी गिळत असेल तर नवी बॅटरीही तेच सोसणार. घरात रेंज कमी असेल तर फोन टॉवर शोधण्यात दमतो. आणि "चार्जच होत नाही" असं असेल तर चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारून डोकावा. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी दुकानात बॅटरी बदलून घेतली, तरी केबल जरा हलली की चार्जिंग तुटायचं. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळूच उकरलं, तर खिशातल्या कापसाचा घट्ट बोळा बाहेर आला. बॅटरीचे पैसे गेले ते गेलेच.

आकडा बघायचा तर आयफोनमध्ये 'बॅटरी हेल्थ' २०१८ च्या आयओएस ११.३ पासून आहे. ८० टक्क्यांखाली गेली की बदलायला झाली. आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनांची बॅटरी ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली असते, १५ पासून हाच आकडा १००० आहे. सायकल म्हणजे चार्जरला किती वेळा लावला ते नव्हे. आज ६० टक्के वापरले, उद्या ४० वापरले, की एक सायकल. सॅमसंगमध्ये 'सॅमसंग मेंबर्स' अ‍ॅपमधली तपासणी बॅटरीची स्थिती सांगते. बाकी अँड्रॉइडवर 'अ‍ॅक्युबॅटरी'सारखं अ‍ॅप अंदाज देतं, पण त्याला आठवडाभर चार्जिंग मोजू द्या. पहिल्या दिवशीच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

फोन हळू चालतोय म्हणून तो म्हातारा झाला, असंही लगेच ठरवू नका. २०१७ च्या डिसेंबरात अ‍ॅपलने कबूल केलं होतं, की बॅटरी झिजलेले आयफोन ६, ६एस आणि ७ अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग सॉफ्टवेअरने मुद्दाम कमी केला जात होता. तेव्हा कित्येकांचे फोन नुसत्या नव्या बॅटरीने पुन्हा पळायला लागले.

एक गोष्ट मात्र आधीच बघून घ्या: फोनला सुरक्षा अपडेट येतात का, आणि तुमच्या बँकेचं अ‍ॅप त्याच्या अँड्रॉइडवर अजून चालतं का. उत्तर नाही असेल, तर नवी बॅटरी घातलेला तो फोन गाणी आणि यूट्यूबपुरताच.

"थोडीशीच फुगलीय, चालतंय"

नाही चालत. मागचं झाकण एका कडेने उचललंय, स्क्रीनच्या कडेतून उजेड गळतोय, टेबलावर सपाट ठेवलेला फोन डुगडुगतोय, यातलं काहीही दिसलं की चार्जिंग बंद. आतला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे बॅटरीतलं रसायन, विघटित होऊन वायू साठतो आणि बॅटरीची पिशवी फुगते. वर आलेलं झाकण अंगठ्याने दाबून बसवणारे मी पाहिलेत, रबरबँड लावून वापरणारेही. "टाचणीने हवा काढून टाक" हा सल्ला देणारे महाभागही भेटलेत. त्या पिशवीत अगदी पातळ पडद्याने वेगळे ठेवलेले दोन थर गुंडाळलेले असतात. टाचणीने तो पडदा फाटला की आत शॉर्ट, आणि मग धूर, आग.

काढता येण्याजोग्या बॅटरीच्या काळात आपण फुगवटा कसा तपासायचो, आठवतंय? नोकियाची बीएल-५सी काढायची, टेबलावर ठेवायची आणि भोवऱ्यासारखी फिरवायची. गरगर फिरली तर फुगलीय, अडकून थांबली तर ठीक. त्याच बीएल-५सीने ऑगस्ट २००७ मध्ये घबराट उडवली होती. चार्जिंग करताना जास्त तापू शकतात म्हणून नोकियाने ४.६ कोटी बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला, आणि जो तो झाकण उघडून आपल्या बॅटरीवरचा नंबर बघायला लागला. आता झाकणच उघडत नाही, म्हणून डुगडुगणाऱ्या फोनकडे लक्ष ठेवायचं.

फुगलेली बॅटरी घरी काढू नका, हे माझं स्पष्ट मत. ती गोंदातून सोडवताना वाकवावी लागते, आणि नेमकं तेच करायचं नसतं.

आकड्याला भुलून बॅटरी घेणं

सर्वात जास्त फसवणूक इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं, बॅटरी फोनच्या नावावर घ्यायची नाही, बॅटरीवर छापलेल्या मॉडेल नंबरवर घ्यायची. रेडमी नोट ४ या एकाच नावाच्या फोनांत बीएन४१ आणि बीएन४३ अशा दोन वेगळ्या बॅटऱ्या येतात. नाव सांगून मागवली तर कनेक्टर बसेलच याची खात्री नाही. त्यामुळे शक्य असेल तर आधी झाकण उघडून नंबर वाचा, मग ऑर्डर करा.

दुसरं, 'जास्त क्षमतेची' बॅटरी. मूळ ४००० एमएएचची, आणि तेवढ्याच आकाराची कोणी ६००० म्हणून विकत असेल, तर छपाईची शाई तेवढी जास्त आहे. यावर माझा घरगुती उपाय म्हणजे वजनकाटा. केकचं सामान मोजायचा एक ग्रॅमपर्यंतचा काटा चालतो. बॅटरीवर एमएएचच्या शेजारी वॅट-अवर, म्हणजे तिच्यात किती ऊर्जा मावते ते, लिहिलेले असतात. चांगल्या सेलमध्ये एका वॅट-अवरला साधारण चार ग्रॅम वजन पडतं. म्हणजे ४००० एमएएच, सुमारे १५ वॅट-अवरची बॅटरी साठ ग्रॅमच्या आसपास भरायला हवी. मी एकदा मागवलेली '४०००' वाली काट्यावर ३८ ग्रॅम भरली. मूळ, झिजलेली बॅटरी ५९ ग्रॅम होती. परत पाठवली.

तिसरं, जुना माल. बॅटरी न वापरता पडून राहिली तरी म्हातारी होते. सात-आठ वर्षांपूर्वीच्या मॉडेलची 'अगदी ओरिजिनल, कंपनी पॅक' बॅटरी मिळाली तर आनंदाने उडी मारण्याआधी तिच्यावरची बनवल्याची तारीख बघा. विमानाने सुट्या पाठवल्या जाणाऱ्या लिथियम-आयन बॅटऱ्या २०१६ पासून ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसाव्यात असा नियम आहे, म्हणून नवी बॅटरी अर्धवट भरलेली निघाली तर घाबरायचं कारण नाही. ठार शून्यावर निघाली तर मात्र बरेच दिवस कुठेतरी धूळ खात पडली होती असं समजा.

चौथं, भारतात विकायच्या बॅटरीला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर आयएस १६०४६ हा मानकाचा क्रमांक आणि 'आर' ने सुरू होणारा नंबर असतो. तो बीआयएसच्या अ‍ॅपमध्ये टाकून बघता येतो. नक्कल करणारा नंबरही छापतोच, पण त्या नंबरमागे भलत्याच कंपनीचं नाव निघालं की पितळ उघडं पडतं.

आयफोनवाल्यांसाठी वेगळी सूचना. एक्सएस आणि त्यानंतरच्या फोनांत बाहेरची बॅटरी घातली की 'अस्सल असल्याची खात्री होत नाही' असा संदेश येतो. त्याने फोन बंद पडत नाही. पण तो संदेश घालवण्यासाठी जुन्या बॅटरीवरची सर्किटची चिमुकली पट्टी कापून नव्या सेलवर वेल्ड करणारे कारागीर आहेत. हात बसलेला असेल तर काम उत्तम होतं, नसेल तर उघड्या सेलवर वेल्डिंग चाललंय हे लक्षात ठेवा. मी असल्या फोनांना हात लावत नाही, सरळ अधिकृत केंद्रात पाठवतो.

फोन उघडताना

आधी बॅकअप. मग फोन २५ टक्क्यांच्या खाली उतरवा, कारण भरलेली बॅटरी भोसकली गेली तर भडका मोठा. टेबलाजवळ परातीत कोरडी वाळू ठेवा. बायको हसते, हसू दे.

झाकणाचा गोंद हेअर ड्रायरने कडेकडेने गरम करा. हाताला सोसेल इतकंच तापवायचं, एकाच जागी धरून बसायचं नाही. मग प्लॅस्टिकचं जुनं सिमकार्ड किंवा गिटारचा पिक कडेत सरकवून फिरवत न्यायचा. सुटलं की झाकण खसकन उचलायचं नाही! माझ्या हातून पहिला फोन इथेच मेला. पाठीवर फिंगरप्रिंट असलेल्या फोनांत झाकणापासून बोर्डापर्यंत वायरीची एक पातळ रिबन गेलेली असते. मी झाकण पुस्तकासारखं उघडलं आणि टक् असा बारीक आवाज आला. तो आवाज अजून आठवतो. होम बटणाच्या जुन्या आयफोनांत तर फिंगरप्रिंट त्या एका बटणाशीच बांधलेला असतो. त्याची रिबन फाटली की दुसरं बटण लावूनही अंगठा चालत नाही.

स्क्रूंचं म्हणाल तर, कागदावर फोनचा चौकोन काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथे चिकटपट्टीने चिकटवा. सगळे सारखेच दिसतात, पण लांबीत अर्धा-एक मिलिमीटरचा फरक असतो. लांबडा स्क्रू आखूड भोकात पिळला की तो खालच्या बोर्डात घुसतो. माझ्या हातून दुसरा फोन असा गेला.

बाकी काहीही सोडवण्याआधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, प्लॅस्टिकच्या पट्टीनेच. मग बॅटरीखालच्या ओढायच्या पट्ट्या. त्या वर नाही, जवळजवळ आडव्या, सावकाश ओढायच्या. घाईत तुटतातच. तुटल्या की लोक पेचकस आत खुपसतात, आणि ही या सगळ्यातली सर्वात धोक्याची चूक. त्याऐवजी बॅटरीच्या कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चारपाच थेंब सोडा, दोन मिनिटं थांबा, मग जुनं एटीएम कार्ड खालून सरकवा. गोंद चीझसारखा तार धरत सुटतो. बॅटरी वाकायला लागली तर थांबा, पुन्हा थेंब सोडा. गोडसर, नेलपॉलिशसारखा वास आला किंवा हाताला गरम लागलं तर फोन उचलून थेट वाळूत, परात बाल्कनीत, आणि धूर हुंगायचा नाही.

दुकानात देताना

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तासाभरात काम होतं. बॅटरी बदलायला पिन लागत नाही, तरी काउंटरवर पिन कागदावर लिहून मागतात आणि आपण मुकाट देतो. त्याच फोनमध्ये आपलं यूपीआय, फोटो, ओटीपी. सॅमसंगमध्ये 'मेंटेनन्स मोड' आणि पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' आहे. तो लावला की दुरुस्ती करणाऱ्याला तुमची माहिती न दिसता फोन तपासता येतो. ही सोय नसेल तर समोर बसा आणि फोन स्वतः उघडून दाखवा. जुनी बॅटरी परत मागा. ती द्यायला टाळाटाळ झाली तर ती बदललीच का, हा प्रश्न उरतो.

लावून झाल्यावर

झाकण चिकटवायच्या आधी फोन सुरू करून टच, दोन्ही कॅमेरे, स्पीकर, चार्जिंग, फिंगरप्रिंट सगळं तपासा. "पहिल्यांदा बारा तास चार्ज करा" हा निकेल-कॅडमियम बॅटरीच्या जमान्यातला सल्ला आहे, लिथियमला त्याचा उपयोग नाही. पहिले काही दिवस टक्के उड्या मारतील, कारण फोनच्या मोजणीला नवी बॅटरी ओळखायची असते. एकदा पूर्ण भरा, मग दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत रोजच्यासारखा वापरा, असं दोनतीनदा झालं की आकडा स्थिरावतो. आठवड्यानंतरही उड्या चालूच असतील तर बॅटरी परत करायची वेळ आली. आणि पाण्यापासूनचं संरक्षण आता संपलं असं धरून चाला. नवी गोंदाची चौकट लावली तरी कारखान्यातल्यासारखी पक्की बसेल याची हमी नाही.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो आणि आग लागते. कनेक्टरवर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेचे लोक ई-कचरा गोळा करतात. मावशीची जुनी बॅटरी अजून माझ्याकडेच आहे, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, आणखी तिघांच्या बॅटऱ्यांसोबत.