पावसाळ्यात घरात मायक्रोग्रीन्स कसे लावायचे: लाईट सोपी आहे, दमट हवा सांभाळा

जून लागला की आपल्याकडे गोव्यात भाजीचं गणित बिघडतं. घाटात दरड कोसळली आणि बेळगावची गाडी अडकली की कोथिंबिरीच्या जुडीचा भाव विचारायलाही नको वाटतं, आणि परसात काही लावायचं म्हटलं तर सगळा चिखल. अशा दिवसांत घरातल्या एका फळीवर एलईडी ट्यूबखाली आठ-दहा दिवसांत ताजा पाला मिळतो. मायक्रोग्रीन्स म्हणजे हेच, भाजीचं बी दाट पेरायचं आणि पहिली दोन पानं नीट उघडली की कापून खायचं. पण नेटवरची बरीच माहिती थंड, कोरड्या हवेच्या जागची असते, ती तशीच्या तशी फोंड्या-डिचोलीत वापरली की ट्रेला बुरशी आलीच म्हणून समजा.

बियाणं. सुरुवात मोहरी आणि मुळ्याने करा, दोन्ही पटकन उगवतात. नंतर मेथी, सुके हिरवे वाटाणे, आणि माझी सगळ्यात आवडती तांबडी भाजी. अमेरिकेचं कृषी खातं आणि मेरिलँड विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१२ मध्ये २५ प्रकारचे मायक्रोग्रीन्स तपासले, त्यात विटामिन के सगळ्यात जास्त सापडलं ते लाल माठाच्या एका जातीत, म्हणजे आपल्या तांबड्या भाजीच्या सख्ख्या भावंडात, आणि कॅरोटिनॉइड्स (गाजरातल्यासारखी पिवळी-केशरी रंगद्रव्यं) कोथिंबिरीत. (घरात कोणी रक्त पातळ होण्याची वॉरफरीनसारखी गोळी घेत असेल तर विटामिन के वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.) तांबड्या भाजीचं बी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा बियाण्याच्या दुकानात विचारा, फक्त औषध लावलेलं बी घेऊ नका, ते गुलाबी किंवा निळं दिसतं आणि ते शेतात पेरायला असतं, ताटात यायला नाही. टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा यांची कोवळी रोपं अजिबात खायची नाहीत, ती विषारी असतात. राजमाही नको.

ट्रे आणि कोकोपीट. साधारण ए४ कागदाएवढे दोन उथळ ट्रे लागतात, एकाला खाली भोकं आणि दुसरा अख्खा, भोकांचा ट्रे अख्ख्यात ठेवायचा. माती नको, कोकोपीट घ्या, म्हणजे नारळाच्या काथ्याचा चुरा, तो दाबून केलेल्या विटेच्या रूपात मिळतो. वीट पाण्यात फुलवा आणि मग दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, कारण काथ्याचा चुरा बऱ्याचदा खाऱ्या पाण्यातल्या सोडणांचा असतो आणि त्यातलं मीठ कोवळ्या मुळांना सोसत नाही. मुठीत घट्ट पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब पडावा एवढंच ओलं ठेवून दोन-तीन सेंटीमीटरचा थर पसरा आणि हाताने हलकं दाबून सपाट करा.

पेरणी. एवढ्या ट्रेला मोहरी ६ ते ८ ग्रॅम, मुळा १५ ग्रॅम, तांबडी भाजी ४ ग्रॅमच्या आसपास, वाटाणे १०० ग्रॅम. पावसाळ्यात यातलंही थोडं कमीच घ्या, बी एकमेकांवर चढलं की मधे हवा खेळत नाही आणि तिथूनच कुजायला लागतं. वाटाणे रात्रभर भिजवायचे, मोहरी आणि तांबडी भाजी कोरडीच पेरायची. धणे पेरणार असाल तर पोळपाटावर हलकेच लाटणं फिरवून दोन फाकी करा, नाहीतर उगवायला फार वेळ घेतात. वर माती घालायची नाही, नुसता पाण्याचा फवारा.

अंधार. पेरलेल्या ट्रेवर तेवढाच तिसरा एक रिकामा ट्रे पालथा घाला आणि वर अर्धा-एक किलो वजन ठेवा, डाळीची पिशवी चालते. वजनामुळे मुळं खाली घट्ट रुततात. मोहरी-मुळ्याला दोन-तीन दिवस पुरे होतात. रोज एकदा उघडून बघा, वारा लागू द्या. रोपं वजन उचलायला लागली की झाकण काढायचं. ती तेव्हा पिवळीफिकट दिसतात, घाबरू नका, लाईटखाली ठेवली की एका दिवसात हिरवी होतात.

लाईट. महागडी जांभळी ग्रो लाईट लागत नाही. नेहमीची २० वॉटची पांढरी एलईडी ट्यूब, डब्यावर ६५०० केल्विन लिहिलेली, पाल्याच्या वर १५ ते २० सेंटीमीटरवर टांगा, दोन लावल्या तर आणखी चांगलं. रोज १४ तास पेटवली तर एका ट्यूबला महिन्याला साधारण साडेआठ युनिट वीज लागते. टायमरचा प्लग घेतलात तर बटण लक्षात ठेवायला नको. रोपं लांब, बारीक होऊन आडवी पडत असतील तर ट्यूब खाली आणा. खिडकीत ठेवून भागेल असं वाटतं, पण आषाढात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये ट्यूब रात्री चालवा, तेव्हा हवा थोडी गार असते.

पाणी आणि हवा. इथेच सगळं ठरतं. लाईटखाली आल्यावर वरून फवारा पूर्ण बंद करा, खालच्या अख्ख्या ट्रेमध्ये बोटभर पाणी घाला, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाका. पुढचं पाणी कधी, तर ट्रे उचलून हलका लागला की. पावसाळ्यात दोन-दोन दिवस पाणी लागत नाही. एक छोटा टेबल फॅन सगळ्यात कमी स्पीडवर, पानं जेमतेम हलतील असा, लाईट असेपर्यंत चालू ठेवा. हवा एवढी ओली असते की फॅन नसेल तर कितीही काळजी घ्या, बुरशी येतेच.

आता बुरशी ओळखायची कशी, कारण लोक चांगले ट्रे फेकून देतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुळ्याच्या प्रत्येक मुळाभोवती पांढरी मऊ लव दिसते, ती मुळाचीच केसं असतात. त्यावर पाणी फवारा, लव चिकटून दिसेनाशी झाली तर सगळं ठीक. बुरशी मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखी एका रोपावरून दुसऱ्यावर पसरते, फवारल्यावरही राहते, कुबट वास येतो आणि खालचे देठ मऊ पडतात. असा ट्रे खायचा नाही, अख्खा टाकायचा.

हे कच्चं खायचं असतं म्हणून स्वच्छता लागतेच. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय नावाचा जंतू पसरला आणि ५० हून जास्त लोक दगावले. मोडांत बी आणि मूळ दोन्ही पोटात जातं, इथे आपण फक्त वरचा देठ खातो, त्यामुळे धोका कमी, पण शून्य नाही. विहिरीचं पाणी पावसात गढूळ होतं, ते उकळून गार करून वापरा. गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर शिजवूनच द्या.

मोहरी-मुळा सात-आठ दिवसांत, तांबडी भाजी बारा-चौदा दिवसांत तयार. पाणी घालून निदान सात-आठ तास झाल्यावर, स्वच्छ कात्रीने कोकोपीटच्या बोटभर वर कापा. धुवायचं ते खायच्या वेळीच, ओलं फ्रीजमध्ये ठेवलं की एका दिवसात लगदा होतो. कोरड्या डब्यात टिश्यू पेपर घालून चार-पाच दिवस टिकतं. मुळ्याचा पाला सकाळच्या पातळभाजीवर, मोहरीचा काकडीच्या कोशिंबिरीत, तांबड्या भाजीचा गरम वरणभातावर अगदी शेवटी घाला. वाटाणा मात्र खालचं एक पेर ठेवून कापलात तर परत फुटतो. बाकीचं मुळांसकट कोकोपीट माडाच्या आळ्यात टाका, आणि ट्रे साबणाने धुऊन पूर्ण सुकवल्याशिवाय त्यात दुसरं बी पेरू नका.