मॉरिशसमध्ये घरच्या घरी हवेचा दाब कसा बघायचा

मॉरिशसला नव्याने राहायला आलेले आपले लोक फोनमधलं बॅरोमीटर अ‍ॅप उघडतात, दुपारी प्रेशर खाली गेलेलं दिसतं आणि लगेच मेसेज येतो, सायक्लोन येतोय का हो? बहुतेक वेळा तसं काही नसतं, इथे प्रेशर रोजच दुपारी उतरतं.

समुद्राला भरती-ओहोटी असते तशी हवेलाही असते, फक्त ती मुख्यतः सूर्यामुळे. वरचा ओझोन आणि हवेतली वाफ ऊन शोषून तापते आणि त्याने सगळं वातावरण दिवसातून दोनदा वरखाली होतं. सकाळी दहाच्या सुमारास भरती, दुपारी चारला ओहोटी, रात्री दहाला परत भरती, पहाटे चारला परत ओहोटी. फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा (दाब मोजायचं एकक, मिलिबार म्हणा, एकच आहे). म्हणून सकाळचा आकडा दुपारच्या आकड्याशी कधीच ताडून बघू नका, आजचे चार कालच्या चारशीच लावायचे.

आता उंचीचं. आठ-नऊ मीटर वर गेलं की एक हेक्टोपास्कल कमी होतो, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरसुद्धा फरक दिसतो. पोर्ट लुईहून मेट्रोने क्यूरपीपला या, साधारण 550 मीटर चढल्यावर फोन साठेक हेक्टोपास्कल कमी दाखवेल आणि बाहेर लख्ख ऊन असेल. तेव्हा यंत्र घरात एकाच जागी ठेवा. शांत दिवशी हवामान खात्याचा समुद्रसपाटीचा आकडा बघा, त्यातून आपला वजा करा, तो फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि रोज तेवढा मिळवत जा. काट्याचं बॅरोमीटर असेल तर वाचायच्या आधी काचेवर बोटाने हलकेच टिचकी मारा, अडकलेला काटा जागेवर येतो.

वहीत चारच रकाने पुरतात: तारीख, वेळ, दाब, वारा कुठून. मी सकाळी दहा आणि दुपारी चार एवढंच लिहितो. समजा जानेवारीत काल दहाला 1013 आणि चारला 1010.5 होते, आज दहाला 1011.5 आणि चारला 1007.5. नुसता 1007.5 बघून काही कळत नाही, पण कालच्या चारपेक्षा तीन खाली आहे आणि आजची उतरणही नेहमीपेक्षा जास्त आहे, इथे मात्र उठून बसायचं. जहाजावरच्या लोकांचा जुना नियम आहे, त्या मोसमाच्या सरासरीपेक्षा तीन खाली गेलं तर संशय घ्या, पाच खाली गेलं तर वादळ आहेच असं धरा. इथली सरासरी जानेवारीत 1012 च्या आसपास आणि ऑगस्टमध्ये 1020 च्या आसपास असते (गणपती येतात तेव्हा मुंबईत पावसाळ्याचा कमी दाब आणि इथे हिवाळ्याचा जास्त, हे मला अजून नवल वाटतं). संशय आला की मग दर तासाला लिहायचं, आणि दहाची भरती यायच्या वेळीही आकडा उतरतच राहिला तर ते फार वाईट लक्षण.

दिशाही कळते. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात तर कमी दाबाची जागा साधारण उजव्या हाताला. महाराष्ट्रात डाव्या हाताला असते, इथे आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहोत म्हणून उलटं.

फेब्रुवारी 1960 मध्ये कॅरोल नावाचा सायक्लोन आला तेव्हा दाब 943 पर्यंत पडला होता आणि वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, बेटावरून गेला. डोळ्यात वारा थांबतो आणि लोक दार उघडून बाहेर येतात, तेव्हा बॅरोमीटर बघा, काटा तळाशीच असेल तर दार बंदच ठेवा, थोड्या वेळाने वारा उलट्या बाजूने तितक्याच जोरात येतो.

हिवाळ्यात वेगळाच घोळ होतो. प्रेशर चढलं की हवा छान असं आपण धरून चालतो, पण दक्षिणेकडून मोठा जास्त दाबाचा पट्टा सरकतो तेव्हा आकडा चढत असतानाच आग्नेयेचा वारा जोर धरतो आणि समुद्र खवळतो. अशा दिवशी मुलांना घेऊन दक्षिणेच्या किनाऱ्यावर पोहायला जाऊ नका.

आणि पावसासाठी बॅरोमीटरवर बिलकुल विसंबू नका. 30 मार्च 2013 ला पोर्ट लुईत पाण्याच्या लोंढ्याने 11 माणसं गेली, तेव्हा बेटावर सायक्लोन नव्हता. आकाश काळं झालं आणि तुम्ही शहरात असाल तर फोन खिशात टाका, सबवेत किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरू नका, वरच्या मजल्यावर जा आणि खात्याचं बुलेटिन ऐका.