उपचार हाताशी असूनही बाळं का दगावतात? या चुका टाळा

१९९० साली जगात पाच वर्षांच्या आतली सव्वा कोटीच्या आसपास मुलं दगावली. २०२२ साली हा आकडा सुमारे ४९ लाखांवर आला. ही घट एखाद्या चमत्कारी औषधाने झालेली नाही. लसी, ओआरएस, मच्छरदाण्या, सुरक्षित बाळंतपण आणि साधी प्रतिजैविकं यांनी ती घडवली. तरीही उरलेले बहुतेक मृत्यू गरीब देशांतच होतात, आणि कारणं तीच जुनी आहेत: अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताच श्वास न लागणं, जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, जुलाब, मलेरिया. २००३ साली तज्ज्ञांनी एक हिशेब मांडला होता. त्या वेळी हाती असलेले उपाय प्रत्येक मुलापर्यंत पोचले, तर यातले जवळजवळ दोन-तृतीयांश मृत्यू टळतील, असा तो होता. तो वाचला की मन अस्वस्थ होतं, कारण अडतं ते बहुतेकदा नव्या शोधापाशी नाही. ओआरएसचं पाकीट घरात असतं पण पाणी मोजलेलं नसतं, दवाखाना गाठलेला असतो पण एक दिवस उशिरा. त्या चुकांबद्दल हा लेख आहे.

जुलाब थांबत नाहीत म्हणून ओआरएस बंद करणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच. ओआरएसचं काम जुलाब थांबवणं हे नाहीच. शरीरातून गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणं एवढंच त्याचं काम, आणि जीव वाचतो तो त्यानेच. आई दिवसभर पाजते, शौच मात्र चालूच राहते. मग ‘याचा काही उपयोग नाही’ म्हणून ते बंद होतं आणि जुलाब बांधणारी गोळी शोधली जाते. लोपेरामाइडसारखी गोळी लहान मुलाला देणं धोक्याचं आहे: आतड्याची हालचाल मंदावते, पोट फुगतं, मूल गुंगीत जाऊ शकतं. प्रतिजैविक लागतं ते शौचातून रक्त पडत असेल किंवा कॉलऱ्याचा संशय असेल तेव्हा. नेहमीच्या पाण्यासारख्या जुलाबात नाही.

ओआरएसचं हे पाणी काम कसं करतं, ते समजलं की प्रमाणाचं महत्त्व आपोआप कळतं. आतड्याच्या पेशींत ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी आत ओढलं जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बरीचशी उघडी असते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी कालवून रुग्णांना पाजायला लावलं. पाजणारे बहुतेक नातेवाईकच होते. तीस टक्क्यांच्या आसपास गेलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली उतरला.

पण ती जोडी ठरलेल्या प्रमाणातच चालते. म्हणून पाकिटावर लिहिलेलं पाणी आधी वाचा. काही पाकिटं एक लिटर पाण्याची असतात, काही २०० मिलिलिटरची. मोठ्या पाकिटातली चिमूट पेल्यात टाकून अंदाजाने पाजू नका. पाणी कमी पडलं तर क्षार जास्त होतात आणि तान्ह्या बाळाला ते घातक ठरू शकतं. पाणी जास्त झालं तर उपयोग उरत नाही. वरून साखर घालू नका. गोड शीतपेयं, फळांचे डबाबंद रस किंवा ताकदीची म्हणून विकली जाणारी पेयं ओआरएसऐवजी देऊ नका. जास्तीची साखर आतड्यात उलट पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. पाकीट मिळतच नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या लहान चमच्याने. एकदा केलेलं पाणी २४ तासांनंतर ओतून द्या.

किती पाजायचं? दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २००. ओकलं तर ‘पोटात काही राहत नाही’ म्हणून सोडून देऊ नका. दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने, सावकाश. घाईने पाजलं तर उलटी जास्त होते. अंगावरचं दूध आणि मोठ्या मुलाचं खाणं चालूच ठेवायचं. पोटाला ‘आराम’ देण्याच्या नादात मूल आणखी खंगतं.

झिंकची गोळी सोबत हवी: सहा महिन्यांच्या आत रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०, असं १० ते १४ दिवस. तिसऱ्या दिवशी शौच घट्ट झाली की गोळी मध्येच थांबवली जाते. पण ती फक्त या जुलाबासाठी नसते. पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाब कमी व्हावेत म्हणूनही असते.

मूल सुस्त पडलं, पिऊ शकत नाही, सगळंच ओकतं, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश मागे जाते, शौचात रक्त आहे, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना. पिता येत असेल तर वाटेतही पाजत राहा.

खोकला ऐकला, श्वास मोजलाच नाही

न्यूमोनिया खोकल्याच्या आवाजावरून ओळखता येत नाही. मोठ्याने खोकणारं मूल दोन दिवसांत खेळायला लागतं, आणि फारसं न खोकणारं गंभीर असू शकतं. पाहायचा तो श्वास. मूल शांत असताना, दूध पीत किंवा रडत नसताना, अंगावरचा कपडा वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान बाळाचा श्वास मध्येच थबकतो आणि मध्येच पळतो. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर थेट रुग्णालय.

मोजायला डिग्री लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अक्षरओळख नसलेल्या सुईणींनाही श्वास मोजता यावा म्हणून मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधन तयार केलं होतं.

श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, कण्हल्यासारखा आवाज येत असेल, पिणं बंद झालं असेल, तर घरी थांबू नका. ओठ निळे पडण्याची वाट पाहणं म्हणजे फार उशीर. आरोग्य केंद्रातली चूक वेगळी असते: रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर कपाटात पडून राहतो. रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली आहे हे नुसत्या डोळ्यांना अनेकदा दिसत नाही, आणि अशा मुलाला प्रतिजैविकाइतकीच ऑक्सिजनची गरज असते.

खोकल्याच्या सिरपने न्यूमोनिया बरा होत नाही. त्यात दोन-तीन मोलाचे दिवस जातात. २०२२ साली गांबियात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपांशी जोडलेल्या मूत्रपिंडाच्या आजाराने साठहून अधिक मुलं दगावली. उलट साधी सर्दी-खोकला असेल आणि श्वास जलद नसेल, तर प्रतिजैविकाचा आग्रह धरू नका. न्यूमोनिया ठरला आणि अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक दिलं, तर मात्र सांगितलेले सगळे दिवस द्या. दोन दिवसांत फरक दिसला नाही तर पुन्हा दाखवा. बिघडत असेल तर दोन दिवसही थांबू नका.

‘बाळ अगदी शांत आहे’

पाच वर्षांच्या आतल्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे पहिल्या २८ दिवसांत होतात. २०२२ साली अशी सुमारे २३ लाख बाळं गेली. नवजात बाळ आजारी पडलं की मोठ्या मुलासारखं रडत नाही, तापतही नाही कधीकधी. ते गप्प होतं. दूध ओढणं कमी होतं, हातपाय गार पडतात, हलवल्याशिवाय हालचाल होत नाही. घरच्यांना वाटतं, किती गुणी बाळ आहे, छान झोपतं. मला वाटतं, बाळंतिणीच्या घरी इतर काही सांगण्याआधी हे सांगायला हवं: आधी नीट पिणारं बाळ प्यायचं थांबलं तर ती तातडीची वेळ आहे. अंगाचं तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा जास्त, अथवा ३५.५ च्या खाली, झटके, जलद श्वास, छाती आत ओढली जाणं, यातलं एकही लक्षण पुरेसं आहे, आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

जन्माच्या क्षणी बाळ रडलं नाही तर उलटं धरून थोपटण्यात वेळ घालवू नये. कोरडं पुसणं, पाठ चोळणं, आणि तरी श्वास नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग आणि मास्कने श्वास देणं, हे बाळंतपण करणाऱ्याला यायलाच हवं. त्यानंतरच्या चुका घरात होतात: लगेच आंघोळ घालणं, आईपासून दूर ठेवणं, चीक पिळून टाकणं, पाणी किंवा वरचं दूध देणं, नाळेला काहीबाही लावणं. पहिले २४ तास आंघोळ नको, पहिल्या तासात अंगावर घ्या, सहा महिने फक्त आईचं दूध. नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवा.

कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी सुरू केली. पुढे अनेक वर्षं ती ‘बाळ स्थिर झालं की मग’ अशीच वापरली गेली. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथे झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जन्मानंतर लगेचच बाळं आईजवळ दिली, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी झाले. रुग्णालयात बाळ वेगळं ठेवत असतील तर ‘छातीशी कधी देणार?’ हे विचारा. नम्रपणे, पण विचाराच.

घरी जन्मलेल्या बाळाचं काय? बंग दांपत्याने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची देखरेख केली. तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

ताप

मलेरियाच्या भागात ताप आला की अंदाजाने गोळ्या देऊ नयेत आणि चाचणी न करता ‘साधा ताप’ही म्हणू नये. बोटातून रक्ताचा थेंब, वीसेक मिनिटांत उत्तर. मलेरिया निघाला तर तीन दिवसांचा कोर्स तिन्ही दिवस द्यायचा, ताप दुसऱ्याच दिवशी उतरला तरी. झटके आले किंवा मूल शुद्धीवर नसेल तर तोंडाने औषध न देता उचलून रुग्णालयात न्या. घरात एकच मच्छरदाणी असेल तर ती गरोदर बाईला आणि लहान मुलाला.

सर्दी आहे म्हणून लस पुढे ढकलणं

किरकोळ सर्दी, खोकला, हलका ताप हे लस टाळण्याचं कारण नाही. डोस चुकला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही, राहिलेला डोस पुढे द्यायचा. गोवर झालेल्या मुलाला अ जीवनसत्त्वाचे डोस मिळाले का, तेही विचारा.

सूज म्हणजे बाळसं नव्हे

पाच वर्षांच्या आतल्या सुमारे निम्म्या मृत्यूंमागे कुपोषण असतं, पण मृत्यूच्या कागदावर न्यूमोनिया किंवा जुलाब एवढंच लिहिलं जातं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर कुपोषण तीव्र आहे. ११५ ते १२५ म्हणजे मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून खड्डा राहिला तर ती सूज आहे. गोल दिसणारा चेहरा पाहून ‘अंग धरलंय’ म्हणत राहिल्यामुळे अशी मुलं हातची जातात.

या मुलांबाबत एक चूक दवाखान्यात होते आणि कधीकधी नातेवाईकच ती करायला लावतात: ‘सलाईन लावा, भरभर लावा.’ तीव्र कुपोषित मुलाचं हृदय एवढं पाणी पेलत नाही. जुलाबाने तीव्र कोरड्या पडलेल्या, कुपोषित नसलेल्या मुलाला सलाईनने जीवदान मिळतं, हे खरं. पण केनिया, युगांडा आणि टांझानियात तापाने गंभीर झालेल्या तीन हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झपाट्याने सलाईन दिलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. जुलाबाची आणि तीव्र कुपोषणाची मुलं त्यात नव्हती. कुपोषित मुलाला ऊब आणि दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, थोडं थोडं खाणं लागतं, कारण रक्तातली साखर पहाटे अचानक घसरते.

घरी सोडलं, म्हणजे संपलं

आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सहा देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांचा २०२२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की जवळजवळ निम्मे मृत्यू घरी सोडल्यानंतरच्या सहा महिन्यांत झाले. म्हणून निघताना विचारून घ्या: कोणतं औषध कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं, दंडाचा घेर आज किती आहे, पुन्हा कधी दाखवायचं. पिणं बंद होणं, सुस्ती, जलद श्वास, झटके यातलं काही दिसलं तर दिलेल्या तारखेची वाट पाहायची नाही, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला सांगून ठेवा. बाळाचं बिघडेल तेव्हा त्याच्याजवळ आईच असेल, असं नाही.